रिकामी मागची सीट

"गाडी आपली, वेळ आपली. बसची वाट बघायचे दिवस संपले!" मी बायकोला, विशाखाला, ऐटीत म्हणालो. तिचा आर्नहेम शहरात इंटरव्ह्यू होता आणि आमच्या खेड्यातली बस कधीच बंद झाली होती.

ओसाड बसस्टॉपपाशी गाडी पीं-पीं करायला लागली. मागे कुणीतरी बेल्ट लावला नव्हता म्हणे.

"कोण बसलंय रे मागे?" विशाखा हसली.

मागे कुणीच नव्हतं. तेवढ्यात बेल्ट खट्टकन लागला आणि पीं-पीं थांबली.

पुढच्या बंद स्टॉपवर पुन्हा तेच.

"गाडी तुझी, पाहुणेही तुझेच. बघ उतरून, मला उशीर होतोय." ती आता हसत नव्हती.

मी गाडी थांबवून उतरलो. स्टिअरिंगसमोरच्या माझ्या रिकाम्या सीटचा बेल्ट खट्टकन लागला, आणि गाडी विशाखाला घेऊन आर्नहेमला निघून गेली.