खेळातला आईचा आवाज

तेजलने एका ऑनलाइन खेळात जोडायचं एक गमतीचं अ‍ॅड-ऑन बनवलं होतं आणि जगभरचे खेळाडू ते वापरत होते. लढाईत योद्धा पडला की तिच्या आईचा खणखणीत आवाज यायचा, "पडलास? ऊठ, काही झालेलं नाही!"

हे कळल्यावर आई दुखावली. "जगभर माझं हसं केलंस होय गं?"

तेजलने तिला हात धरून स्क्रीनसमोर बसवलं आणि खेळातल्या मित्रांना कळवलं, "आई आली आहे."

मोकळ्या मैदानात योद्धे जमू लागले. कोरियाचे, ब्राझीलचे, कुठकुठचे. बघता बघता डोंगरापर्यंत गर्दी झाली आणि सगळे गुडघ्यावर बसले. एकाने मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं, "आई, तुमी बोलला. मी उठला."

"ही खरी माणसं आहेत?" आईने हळूच विचारलं.

"हो. प्रत्येक योद्ध्यामागे एक माणूस बसलाय."

आईने पदर सावरला आणि स्क्रीनपुढे हात जोडले.