फोटोतला खांदा

या, असे पुढे या. थोडे सरकून बसा, शेजारी कुणी आलंच तर जागा राहू द्या. गोष्ट लहान आहे, उठाल तेव्हा पायाला मुंग्यासुद्धा आलेल्या नसतील. पण ऐका मात्र मन लावून.

देवाच्या दारी फोटो लागत नाही. परक्या देशाच्या दारी लागतो. आपली धाकटी ज्या देशात उतरली तिथे व्हिसा आधी काढून न्यावा लागत नसे. विमानातून उतरायचं, काचेच्या खिडकीपुढे रांगेत उभं राहायचं, पासपोर्ट आणि फोटो आत सरकवायचा, की शिक्का मिळाला आणि माणूस फिरायला मोकळा. सहलीतल्या सगळ्यांचं झालं. ते दाराच्या पलीकडे उभे राहून एकमेकांचे फोटो काढू लागले. धाकटीचा फोटो तेवढा खिडकीतून परत आला.

साठी ओलांडलेली बाई, पण तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात दोघी जावा, एक थोरली नि एक धाकटी. थोरली कापड बेतायची, धाकटी शिवायची. थोरली गेली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. परदेश बघायची हौस खरी तिची. आता घरात थोरलं असं कुणी उरलं नव्हतं, तरी धाकटी ती धाकटीच.

खिडकीतल्या बाईनं फोटोवर बोट ठेवलं आणि सहलीच्या गाइडला काहीतरी सांगितलं. गाइड मोठा हसरा, बडबड्या. त्यानं फोटो उजेडाकडे धरला.

"मावशी, तुम्हाला खांदे किती?"

"म्हणजे?"

"इथे तीन दिसताहेत, म्हणून विचारलं."

धाकटी फोटोवर वाकली. दोघींचे कपडे एकाच ताग्यातले, निळ्या ठिपक्यांचे. कापडात कापड मिसळून जाईल, कुणाच्या ध्यानात यायचं नाही, असं तिला वाटलं होतं.

"तो आमच्या थोरल्या जाऊबाईंचा," ती म्हणाली. "माझा एकटीचा फोटोच नाही हो घरात. दोघींचा होता, त्यातून मी मला कापून काढलं."

"मग नीट कापायचं ना! जन्मभर शिवणकाम केलंत म्हणता, आणि कात्री अशी वाकडी कशी गेली?"

हे मात्र धाकटीला लागलं. "वाकडी नाही गेली. अगदी रेषेवरून कापायचं नसतं कधी. बाजूला थोडी माया सोडायची, नाहीतर पुढे शिवण उसवते."

हे त्या खिडकीतल्या बाईला कसं समजवावं, गाइडला कळेना. "चुकलं त्यांचं," एवढंच तिला सांगून त्यानं फोटो पुन्हा आत सरकवला आणि मग आवाज उतरवून धाकटीला म्हणाला, "दुसऱ्याचा खांदा घेऊन आत जाता येत नाही, मावशी. धड फोटो नसेल तर आल्या वाटेनं परत पाठवतात. चला, तिथे यंत्र आहे. नवा काढून घेऊ."

कोपऱ्यात ते यंत्र होतं. आत आखूडसा बाक, समोर काच, बाजूला पडदा. धाकटी आत जाऊन बसली. लखकन उजेड पडला. फोटो बाहेर आला, त्यात अर्धा चेहरा आणि बाकी नुसती पांढरी भिंत.

"हललात बहुतेक. पुन्हा बसा."

पुन्हा तेच. अर्धा चेहरा, बाकी भिंत.

गाइडनं पडदा सारून आत डोकावलं. बाकाच्या एका टोकाला ती अंग चोरून बसली होती. डावीकडची सगळी जागा तिनं मोकळी सोडली होती.

"अहो मावशी, मधे बसा की चांगल्या ऐसपैस! शेजारी कोण आहे तुमच्या?"

हसतहसतच म्हणाला तो. माणूस काही वाईट नव्हता. धाकटीनं डावीकडे पाहिलं. मग हातानं बाक चाचपला, जसं आपण कुणाला बसायला सांगताना करतो तसं. आणि सरकली. एवढं आभाळ ओलांडून आली होती, पण ते वीतभर अंतर काही केल्या सरेना.

तिसऱ्यांदा उजेड पडला.

नवा फोटो खिडकीत गेला. चेहरा पुरता होता, मधोमध होता, खांदे दोनच होते. पण मान डावीकडे कललेली. मान सरळ हवी, असं खिडकीवरच्या पाटीत स्पष्ट दाखवलं होतं. आतल्या बाईनं फोटो पाहिला, मान वर करून समोर उभ्या धाकटीकडे पाहिलं. उभ्या धाकटीची मानही तशीच होती.

त्या बाईनं बाजूला ठेवलेला जुना फोटो ओढून नव्याशेजारी ठेवला. मान जिकडे कलली होती, तिकडेच तो निळ्या ठिपक्यांचा खांदा होता.

तिनं शिक्का उचलला आणि मारला. दोन्ही फोटोंकडे पुन्हा एकदा पाहिलं, नवा स्वतःकडे ठेवला आणि जुना पासपोर्टात घालून परत दिला.

"सुटलो बुवा," गाइड म्हणाला. "आता द्या तो टाकून."

धाकटीनं पासपोर्ट छातीशी धरला.

पुढचं दार एका वेळी एकच माणूस सोडणारं होतं. धाकटी त्याच्यापुढे जाऊन थांबली. मागच्यांना वाटलं, बाई घाबरली. तसं नव्हतं. कुठल्याही दारातून आधी थोरली जायची, मागून ती.

तर मंडळी, त्या थोरलीची आठवण असू द्या. तिचा चेहरा काही मी तुम्हाला दाखवू शकलो नाही. खांदा पाहिलात, तेवढा लक्षात ठेवा.