चांगले दात पुढे

“आ कर. अजून मोठा. हं, किडका! मागच्या खोलीत.”

वेणीमाधव गुरुजी हातातल्या पट्टीनं एकेका पोराची हनुवटी वर करत होते. हरसूलच्या पुढं, जिथून नाशिकची एसटी वळून परत फिरते, त्या गावची ही शाळा. साल सत्त्याण्णव. गुरुजी तिथले मुख्याध्यापक. नाशिकहून दातांच्या तपासणीला माणूस येणार, असं पत्र आठवड्यापूर्वी आलं होतं. वर रंगीत दात छापलेला, खाली बरंच काही लिहिलेलं. गुरुजींनी ‘तपासणी’ एवढाच शब्द वाचला आणि त्यांना घाम फुटला.

तपासणी म्हटली की गुरुजींना एकच विद्या यायची. गेल्या वर्षी साहेब वाचन घ्यायला आले, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही अशा सगळ्यांना यांनी सरपण आणायला रानात पिटाळलं होतं. शेरा मिळाला ‘उत्तम’. धन्य ते साहेब आणि धन्य ते गुरुजी!

“पण गुरुजी, ज्यांचे दात दुखतात त्यांनाच दाखवायला हवं ना?” साधनाबाई म्हणाल्या. शाळेतल्या या दुसऱ्या शिक्षिका. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली.

“बाई, तुम्ही नव्या आहात. शेरा माझ्या नावावर पडतो.”

एकसष्ट पोरांतून सव्वीस तोंडं पसंत पडली. बाकीची तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत कोंबली गेली. शेवटी राहिली चांगुणा. आठ वर्षांची. उजवा गाल इतका सुजलेला की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. चार दिवस पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. तिची आई, ठमाबाई, बाजाराचा दिवस मोडून तिला डोंगरापलीकडच्या पाड्यावरून पाठुंगळी घेऊन आली होती.

“दवाखान्यात नेलं नाही का?” गुरुजी खेकसले.

“नेलं की. गोळी दिली. दात काढणारा नाशकालाच भेटंल म्हणाले. म्हून तर हितं आले. आज डॉक्टर येणार हाय ना?”

“राखुंडीनं दात घासता आणि मग शाळेचं नाव घालवता!”

“राखुंडी माझ्या आजीनं लावली, गुरुजी. सगळे दात घेऊन सरणावर गेली ती.”

पोरं फिस्सकन हसली. गुरुजींनी मायलेकींनाही त्याच खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

साडेदहाला जीप आली. मागं खोकी रचलेली. पांढरा कोट घातलेला एक तरुण उतरला. त्याच्या काखेत प्लास्टरचा भलामोठा जबडा आणि गळ्यात कॅमेरा. त्यानं रांगेतल्या पोरांना दात कसे घासायचे ते दाखवलं, लांबूनच एकेकाच्या तोंडात बॅटरी मारली आणि दर वेळी म्हणाला, “वा! फारच छान!”

“दिवसातून दोनदा घासून घेतो मी. जातीनं,” गुरुजी म्हणाले. या माणसाला खोटं बोलताना जीभ कधी अडखळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यानं शाळेच्या वहीत ‘उत्कृष्ट’ असं लिहून दिलं. गुरुजींनी ते तीनदा वाचलं. फोटोसाठी ते सव्वीस पोरांच्या मधोमध उभे राहिले, छाती काढून. तेवढ्यात मागच्या खोलीतून कळवळून रडल्याचा आवाज आला.

“आत कोण रडतंय?” पाहुण्यानं विचारलं.

“बालवाडी आहे. लहान पोरं, चालायचंच.”

साधनाबाईंनी गुरुजींकडं एकदा पाहिलं. असल्या माणसाला दोन वर्षं आपण ‘गुरुजी’ म्हणत आलो, याची त्यांना किळस आली. त्या तडक गेल्या आणि त्यांनी कडी काढली.

“बाई! पेठच्या पलीकडे बदली करीन तुमची!”

“खुशाल करा.”

ठमाबाई लेकीला उचलून बाहेर आली. गुरुजी हात पसरून आडवे झाले. “यादीतली मुलं संपली. चला, मागं व्हा!”

“सरा बाजूला! डॉक्टर दारात आलाय आन् माझी पोर पोत्यामागं? थू तुमच्या शाळेवर!”

तिनं गुरुजींना कोपरानं बाजूला सारलं आणि चांगुणाला पाहुण्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. मागोमाग ती किडक्या दातांची सगळी फौज व्हरांड्यात येऊन उभी राहिली. वहीतल्या ‘उत्कृष्ट’ची शाई अजून ओली होती.

“साहेब, ही आमच्या पटावरची नाहीच,” गुरुजी घाईघाईनं म्हणाले. “यातलं एकही नाही.”

साधनाबाई बघतच राहिल्या. पस्तीस लेकरं एका दमात नाकारली या माणसानं!

पाहुणा वाकला. त्यानं चांगुणाच्या तोंडात बॅटरी मारली. आतून घाण वास आला तशी त्याची मान मागं गेली. पण त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. या खेपेला तो ‘छान’ म्हणाला नाही.

“काढा, डॉक्टर,” ठमाबाई म्हणाली. “मी धरते तिला. लय शहाणी हाय, चावायची नाय.”

चांगुणानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि डोळे मिटून आ केला. गुरुजी हळूच वही मिटत होते.

पाहुण्यानं बॅटरी बंद केली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो ठमाबाईकडं बघायचं टाळत साधनाबाईंकडं वळला.

“बाई, खोकी उतरवा आणि हिला जीपमध्ये घाला. आत्ताच्या आत्ता नाशिकला डॉक्टरकडं न्यायला हवं,” तो पुटपुटला. “मी पेस्ट विकतो हो.”