काटा हलेना

मास्तरांनी बेल्ट काढला, घड्याळ काढलं, शेवटी चष्माही काढला आणि पुन्हा वजनकाट्यावर चढले. चष्म्याशिवाय आकडा दिसेना. वाकून बघावं तर पोट आडवं आलं. मग चष्मा लावून, श्वास रोखून, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं. आकडा कालचाच. परवाचाही तोच होता.

"हल की, मेल्या!" ते काट्यावर खेकसले. काटा ढिम्म.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. उभा जन्म ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढलेला, त्यामुळे शरीराने हळूहळू त्या सीटचाच आकार घेतला होता. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. पण थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला, आणि एवढ्या नातेवाइकांत जुळली ती नेमकी मास्तरांची.

"आधी वजन उतरवा," डॉक्टर म्हणाले होते. "पण सावकाश. महिन्याला दोन किलो गेले तरी खूप झालं."

दोन किलो! एवढं तर मास्तर पूर्वी एका लग्नात चढवून यायचे.

सुरुवातीला वजन झपझप उतरलं. मास्तर हवेत तरंगू लागले. मग ते अडलं ते अडलंच. तिकडे ताई दिवसाआड मशिनला जोडलेली. तिच्या हातावर सुयांच्या खुणा वाढत चालल्या, ती सुकत चालली, आणि इकडे हे आपले तुकतुकीत. मास्तरांना स्वतःच्याच पोटाची लाज वाटायला लागली. तेव्हा त्यांनी डोकं चालवलं, म्हणजे खाणंच सोडलं. सकाळी काळी कॉफी, संध्याकाळी काकडी. बायकोला सांगायचे क्लासवर खाल्लं, क्लासवर सांगायचे घरून खाऊन आलो. अशी त्यांनी दोन्हीकडे थाप मारली. काट्याला तेवढी मारता आली नाही.

त्या दिवशी गाडीत काकू होत्या. काकू साठीच्या. नवरा गेला तो दारात गाडी ठेवून गेला, म्हणून शिकायला आलेल्या. बाकीचे शिकाऊ त्यांना 'फर्स्ट गिअर काकू' म्हणत, कारण दुसरा गिअर त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. मास्तरांनी मात्र त्यांना कधी घाई केली नाही. "येईल हो काकू. गाडी काय पळून चाललीय का?" असं म्हणत, आणि ते खरंच होतं.

पुलाच्या तोंडाशी मास्तरांना एका रस्त्याचे दोन रस्ते दिसायला लागले.

"काकू, डावीकडे..." एवढंच बोलून ते खिडकीवर कलंडले.

काकू किंचाळल्या. मग गाडी थांबवून त्यांनी हँडब्रेक ओढला, बाटलीतलं पाणी मास्तरांच्या तोंडावर मारलं. मास्तरांनी डोळे अर्धे उघडले.

"दुसरा टाका," ते पुटपुटले.

"गप्प बसा!" काकू म्हणाल्या, आणि पहिल्याच गिअरमध्ये त्यांना हॉस्पिटलकडे घेऊन निघाल्या. मागे हॉर्नचा नुसता कालवा. एका सायकलवाल्याने ओलांडता ओलांडता आत डोकावून घेतलं. एक स्कूटरवाला ओरडला, "यापेक्षा चालत जा की!" काकूंनी काच खाली केली. "आत पेशंट आहे! तुला घाई असेल तर वरून उडत जा!" शेवटी गाडी फाटकाशी लागली. उशिरा, पण धडधाकट.

मास्तरांना सलाईन लागलं. ताई वरच्या मजल्यावर नुकतीच मशिनवरून सुटली होती. तिच्यापर्यंत बातमी पोचली तशी ती भिंत धरत धरत खाली आली आणि खाटेपाशी उभी राहिली.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"कॉफी."

"आणि काल?"

"काकडी."

"अख्खी की अर्धी?"

मास्तर छताकडे बघायला लागले.

"गाढवा," ताई म्हणाली, "माझी किडनी उपाशी ठेवतोस?"

मास्तरांना हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. "वजन हलतच नाही गं, ताई. मी हा असा पिंपासारखा. आणि तू माझ्यापायी थांबून थांबून..."

ताई खाटेच्या कडेवर बसली. एक जिना उतरून तिला धाप लागली होती.

"डॉक्टर मागच्याच महिन्यात तयार होते," ती म्हणाली. "आहे त्या वजनावरही करता येईल म्हणाले. तुला धोका थोडा जास्त, इतकंच. तुला विचारणारच होते. त्याआधी मीच नको म्हटलं. अजून उतरू दे म्हटलं, नीट खाऊनपिऊन, त्याच्या चालीने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर जाऊन आडवा झाला असतास."

"अगं पण तू! महिनाभर त्या मशिनवर..."

"अजून चार महिने बसेन."

"कशासाठी?" मास्तर जवळजवळ ओरडले. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला.

नर्स जेवणाचं ताट ठेवून गेली होती. ताईने चमचा भरला आणि लहानपणी भरवायची तसा भावाच्या तोंडाशी नेला.

"किडन्या तुला दोन आहेत, भोपळ्या," ती म्हणाली. "भाऊ मला एकच आहे."