भिंतीचा फोटो

"तृप्तीताई, भिंतीचा फोटो तेवढा पाठवा," फोनवर बुद्धभूषण म्हणाला. "बाकी सगळं झालंय."

हसनाबादच्या घरात तृप्ती वडिलांच्या वह्यांपाशी बसली होती. सोमेश्वर सरांना जाऊन महिना झाला होता. त्यांची सिद्धता त्रेसष्ट पानांची. पुण्यात गणिताचं संशोधन करणारा त्यांचा जुना विद्यार्थी बुद्धभूषण दहा जणांना घेऊन ती ओळीओळीने संगणकाला समजावत होता. त्या दहा जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. संगणकाला पटेल तीच ओळ खरी धरायची. एकेचाळिसाव्या पानावर सरांनी लिहिलं होतं, 'हे उघड आहे.' संगणक तिथेच थांबला होता.

"ही पायरी नसेल तर पुढची बावीस पानं जातात, ताई."

"वह्यांत नाही. दोनदा पाहिलं."

"वहीत नसेलच. शेवटच्या फोनवर सर म्हणाले, 'उघड न्हाई रे ते, माझीच चूक. पण जमलं आता. पडवीतल्या भिंतीवर हाय, उद्या फोटो धाडतो.'"

तृप्ती फोन हातात धरूनच पडवीत आली. सरांनी स्वतः काळा रंग दिलेली भिंत स्वच्छ होती. खाली नंदाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, बाबांनी इथं काही लिहिलं होतं?"

"व्हतं ना. वरपासून खालपर्यंत. दहाव्याला धुतली म्या. सुतकाचं घर, पावणे यायचे. शेजारची पायल म्हणली, काकू, उतरा स्टुलावरून, मी करते. म्हणलं, न्हाई, ह्यांची भित मीच धुणार. तीन बादल्या लागल्या." त्यांनी मान वर करून पाहिलं. "चांगली निघाली ना?"

"चांगली निघाली," तृप्ती म्हणाली.

फोनवर बुद्धभूषणने सगळं ऐकलं होतं.

"त्याचं काय अडलंय?" नंदाबाईंनी विचारलं.

"बाबांची एक पायरी, आई. संगणकाला पटत नाही."

नंदाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या फोनशी वाकल्या.

"बुद्धभूषण, त्या मशीनला म्हणावं, सर म्हणत व्हते म्हंजी बराबरच असंल."

"हो काकू," तो म्हणाला. "सांगतो."