घरघंटीतला घोडा

यशवंतरावांच्या पत्नीचं, इंदुमतीचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी वीज कचेरीतली प्रणिता मीटर बदलायला आली. आता माणशी साडेसातशे वॅटच वीज मिळे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वाट्याची वीजही जाई, आणि उरलेल्या विजेत न बसणारं यंत्र कचेरी उचलून नेई.

घरात आता एकटेच उरलेले यशवंतराव घरघंटीपुढे येऊन उभे राहिले. "ही तिची आहे. एवढी नेऊ नकोस, पोरी."

प्रणितानं वाकून पाटी वाचली. "काका, एक हॉर्सपॉवर लिहिलंय."

"मग गेलीच म्हणायची. साडेसातशे वॅटमध्ये घोडा कुठला मावतोय?"

"मावतो की! एक हॉर्सपॉवर म्हणजे सातशे शेहेचाळीस वॅट. फक्त दळताना दिवा, पंखा सगळं बंद ठेवायचं."

यशवंतराव खुर्चीत बसले. "अगं, दळताना ती पंखा लावूच द्यायची नाही. पीठ उडतं म्हणून ओरडायची माझ्यावर."

प्रणिता गेल्यावर त्यांनी पंखा बंद केला, ज्वारी ओतली आणि घरघंटी सुरू केली. पिठाखाली हात धरला. पीठ कोमट लागलं.

बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली.