पेढे वाटून झाल्यावर

"विचारलंच तर ‘पोचले’ म्हणायचं. पुढं एक शब्द न्हाई," मन्मथप्पांनी लेकीला, प्रणिताला, तिसऱ्यांदा बजावलं आणि पाहुण्यांसाठी सतरंजी झटकली. प्रणिताने तिचं दुसरं टोक ओढून सरळ केलं.

चूक अप्पांचीच होती. ‘उद्या माथ्यावर जाणार’ असा पोरीचा हिमालयातून फोन आला आणि त्यांनी त्याच संध्याकाळी परळीच्या बाजारात दुकानोदुकानी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पोर माथ्याखालून माघारी फिरली. लोकांच्या पोटात गेलेले पेढे परत मागायचे कसे? अप्पा गप्प बसले. चौकात अभिनंदनाचा फलक लागला, तरी गप्पच. आता आपल्या दुकानात गल्ल्यावर बसून शाबासकी घेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

अंबाजोगाईच्या गंगासागरबाई धाकट्या लेकाला, रविराजला, घेऊन आल्या. बाईंचं कापडाचं दुकान, मुलगा प्राध्यापक. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं.

बाईंनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिक्षणाचंही नाही.

"शेवटच्या तळावरून कवा निघालात?"

"मध्यरात्री," प्रणिता म्हणाली.

"वारं हुतं?"

"लई."

कापड मोजणाऱ्या बाईला तळाबिळाची माहिती कशी, याचं अप्पांना नवल वाटलं. पण हल्ली मोबाइलवर सगळंच दिसतं. त्यांनी मुरमुऱ्यांच्या सुशिल्याची ताटली पुढे सरकवली.

"घ्या ना बाई, गार होईल."

बाईंनी ताटलीकडे पाहिलंही नाही. "वरून काय दिसलं, पोरी?"

अप्पा खोकले. प्रणिताने एकदा बापाकडे पाहिलं.

"मी पोचलेच नाही, काकू. माथा हाकेच्या अंतरावर होता. ढग उतरले, बोटं बधिर झाली. भ्याले आणि फिरले."

रविराजने मान खाली घातली. बाई उठून उभ्या राहिल्या.

अप्पांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते हात जोडून दारात आडवे आले.

"बाई, पोरीला बोल लावू नका. पेढे मी वाटले. खोटं मी बोललो. तिनं कवाच कुणाला फसवलं न्हाई. जायचं तर जा, पण गावात तिचं नाव काढू नका."

"जातंय कोण?" बाई प्रणिताजवळ जाऊन बसल्या. तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. "पोरगी पसंत हाय. तिला आमी पसंत असलो तर बोला."

"पण बाई, ती माघारी..."

"ठाऊक हाय, तिच्या संगतीच्या पोरांनी सांगितलं. म्हणूनच आलोत." बाईंनी बोटं सोडली नाहीत. "आमचा थोरला फिरला न्हाई, अप्पा. अजून तिथंच हाय, बर्फात."